पाण्यावरचा कौल

कुर्ला पश्चिमेला स्टेशनाबाहेरच्या बाजारात, डाळी-तांदळाच्या पोत्यांमागे ज्या फळीवर साबुदाणा, सब्जाचे बी, कस्टर्डची पूड आणि केशराच्या चिमुकल्या डब्या मांडलेल्या असतात, त्या फळीवर रमजानचा महिना जवळ आला की एका जिनसेची पाकिटे एकाएकी वाढलेली दिसतात. आत असतात ते वाळलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखे अर्धपारदर्शक, सुरकुतलेले, हातावर घेतले तर वजनही जाणवू नये असे पांढुरके पट्टे. दुकानदार त्याला ‘चायना ग्रास’ म्हणतो, गिऱ्हाईकही तेच म्हणते, आणि हे गवत कोणत्या रानात उगवते असा प्रश्न सहसा कोणी कोणाला विचारत नाही. घरी आणून ते अर्धा तास थंड पाण्यात भिजत घातले की फुगून मऊ होते. मंद आचेवर ढवळत राहिले की पाण्यात पाहता पाहता विरघळून जाते. आणि ते पाणी आटवलेल्या साखरदुधात गाळून थाळीत ओतले की, बर्फाची वा शीतकपाटाची वाट न पाहता, ऐन वैशाखातल्या मुंबईच्या उकाड्यातही त्याची थरथरणारी, सुरीने स्वच्छ कापता येणारी वडी जमते. हाडांपासून केलेले जिलेटीन अशा हवेत वितळून जाते. हे मात्र एकदा चाळीस अंशांखाली येऊन बसले की ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापवल्याखेरीज जागचे हलत नाही. हा गुण कोणत्याही गवताचा नाही. तो समुद्राच्या पाण्यात खडकाला धरून वाढणाऱ्या तांबड्या शेवाळाचा आहे.

याच एका गुणाने वैद्यकशास्त्राचा इतिहास बदलला. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्थर हेसे जंतूंची पैदास करण्यासाठी जिलेटीनचा थर वापरीत आणि उन्हाळ्यात तो वितळून त्यांचे श्रम वाया जात. तेव्हा १८८१ च्या सुमारास त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी, मुरंबे आणि वड्या घट्ट करण्यासाठी आपण स्वयंपाकघरात जे अगर, म्हणजे हेच चायना ग्रास, वापरतो तेच प्रयोगशाळेत वापरून पाहावे, असे सुचविले. त्या सूचनेपासून आजपर्यंत, कुर्ल्याच्या गल्लीबोळांतील कोणत्याही रोगनिदान केंद्रात लघवीचे ‘कल्चर’ लावायचे म्हटले की काचेच्या उथळ बशीत हेच समुद्रशेवाळ ओतावे लागते. ज्या गृहिणीच्या अनुभवाने हे घडले तिचे नाव बशीला लागले नाही, हे मनाला लागते. पण तो स्वतंत्र विषय आहे.

समुद्रशेवाळाला मुळे नसतात, खोड नसते, फूल-फळ नसते. खडक धरून ठेवण्यापुरता त्याला एक आधारक असतो आणि अन्न मात्र ते सर्वांगाने, सभोवारच्या पाण्यातूनच शोषून घेते. म्हणून त्याला जमीन नको, नांगरट नको, सिंचन नको आणि बहुधा खतही नको. हवे असते ते खारे, हलते आणि उजेड आत शिरू देणारे पाणी. त्याच्या अंगातून निघणारे तीन चिकट पदार्थ आपल्या नित्याच्या जीवनात इतके मिसळून गेले आहेत की त्यांची ओळखच उरलेली नाही. अगर हा त्यांपैकी पहिला. दुसरा कॅराजीनन, जो आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ देत नाही आणि टूथपेस्टचे पाणी वेगळे सुटू देत नाही. तिसरा आल्जिनेट, जो तपकिरी शेवाळांपासून मिळतो. दंतवैद्य दातांचा ठसा घेताना तोंडात जो गिलावा भरतो तो त्याचाच, आणि कापडावर छपाई करताना रंग रेषेबाहेर पसरू नये म्हणून जी खळ वापरतात तीही त्याचीच. ज्या कुर्ल्यात जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये एक बुडीत गिरणी घेऊन तिची ‘स्वदेशी’ केली, त्या कुर्ल्यातील वाचकाला छापील कापडाशी समुद्राचे नाते सांगायला फार लांब जावे लागू नये.

आज जगात दरसाल सुमारे साडेतीन कोटी टन ओले समुद्रशेवाळ निघते, आणि त्यातील फार थोडा भाग सोडला तर बाकी सगळे मुद्दाम लावून, वाढवून काढलेले असते. निम्म्याहून अधिक एकट्या चीनचे. त्याच्या मागोमाग इंडोनेशिया. मग कोरिया, फिलिपीन्स, जपान. सात हजार किलोमीटरहून अधिक किनारा लाभलेल्या भारताचा वाटा यात एक टक्काही नाही. हे अज्ञानामुळे झाले असे म्हणावे, तर तसेही नाही. डेन्मार्कचे शेवाळतज्ज्ञ बोर्गेसन यांनी १९२७-२८ मध्ये इकडे येऊन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शेवाळांची गोळाबेरीज केली आणि पुढील काही वर्षांत ती शास्त्रीय नियतकालिकांतून सविस्तर प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात जपानहून येणारे अगर बंद पडले तेव्हा येथल्या शास्त्रज्ञांनी देशी शेवाळापासून ते काढून दाखविले. १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था स्थापन झाली, आणि नावात मीठ असले तरी समुद्रशेवाळाच्या शेतीचे बरेचसे भारतीय ज्ञान त्याच संस्थेच्या दप्तरात साठलेले आहे. आमच्या उपनगरात म्हणाल तर घाटकोपरहून मेट्रोत बसून वर्सोव्याला उतरले की अंधेरीच्या हद्दीत १९६१ पासून उभी असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्ञान होते. ज्ञानाचा धंदा व्हायला जे आणखी लागते ते नव्हते, आणि ते काय, हे समजण्यासाठी रामेश्वरमच्या अलीकडच्या मंडपमच्या किनाऱ्याकडे पाहिले पाहिजे.

तिथली शेती अशी आहे. बारा फूट लांब, बारा फूट रुंद असा बांबूचा चौकोनी तराफा बांधायचा. माशांनी आणि कासवांनी पीक कुरतडू नये म्हणून त्याच्या तळाला जुने जाळे ताणायचे. आणि वरून वीस दोऱ्या आडव्या बांधायच्या. प्रत्येक दोरीला वीस ठिकाणी शेवाळाचा मूठभर, म्हणजे दीडशे ग्रॅमचा, तुकडा अडकवायचा. हे काम बायका वाळूवर सावली धरून, पाय पसरून बसून करतात, आणि ते गजरा करण्याइतकेच हलक्या हाताचे आहे: गाठ सैल झाली तर पहिल्याच लाटेला तुकडा जातो, आवळली तर फांदी चिरून तिथून कुजते. साठ किलो बियाणे लावलेला तराफा पाण्यात लोटून नांगराला बांधला की पंचेचाळीस दिवसांनी तो ओढून आणायचा. दोनशे चाळीस ते दोनशे साठ किलो माल निघतो; त्यातला साठ किलो पुन्हा बियाण्याला ठेवायचा आणि उरलेला वाळवायला घालायचा. वाळताना दहा किलोचा एक किलो होतो. या वाळण्यात सगळे व्यवहारज्ञान आहे, कारण वाळूवर पसरले तर मालात वाळू येते आणि भाव पडतो, आणि एक पाऊस अंगावर गेला तर आतला चिकट पदार्थच धुऊन जातो.

या शेवाळाचे नाव कॅपाफायकस. मूळचे ते फिलिपीन्सकडचे. १९८० च्या दशकात जपानमार्गे आपल्याकडे आले, आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढवून पाहिले गेले आणि १९९० च्या दशकात मंडपमला गेले. २००० च्या सुमारास पेप्सिको कंपनीने भावनगरच्या संस्थेकडून त्याचा परवाना घेतला, बचतगटांतील बायकांशी करार केले, आणि माल ठरल्या भावाने उचलण्याची हमी दिली; २००८ मध्ये हे काम अ‍ॅक्वाअ‍ॅग्री या कंपनीकडे गेले. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी एक फार मोलाची युक्ती काढली होती: शेवाळ थेट वाळविण्याऐवजी ताजेच चिरडून त्याचा रस काढायचा, तो पिकांना फवारणीसाठी द्यायचा, आणि उरलेल्या चोथ्यापासून कॅराजीनन करायचे. इफ्कोची ‘सागरिका’ म्हणून जी बाटली आज आपल्याकडच्या कृषिसेवा केंद्रांत दिसते, ती याच रसाच्या घराण्यातली. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही असा द्राक्षबागाईतदारही त्या अर्थाने समुद्रशेवाळाचा ग्राहक झालेला आहे.

परंतु एकाच तुकड्याचे तुकडे, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे, असे करीत वाढविलेले सर्व पीक म्हणजे वस्तुतः एकाच रोपाचा विस्तार असतो; त्यात नवे रक्त येत नाही, आणि जे एकाला सोसवत नाही ते कोणालाच सोसवत नाही. २०१३ च्या सुमारास मंडपमच्या बाजूला समुद्राचे पाणी तापले आणि फांद्या पांढऱ्या पडून गळून गेल्या. तराफेच्या तराफे रिकामे झाले आणि देशाचे उत्पादन एकदम कोसळले. त्याआधी २००८ मध्ये दुसरी एक धोक्याची घंटा वाजली होती. मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटाजवळ हेच परदेशी शेवाळ तराफ्यांवरून सुटून जिवंत प्रवाळांवर चढलेले संशोधकांना आढळले. त्या आखातातील बेटांचा परिसर १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. आणलेल्या पाहुण्याने घरच्यांचाच श्वास कोंडावा, ही गोष्ट हलकी मानण्यासारखी नाही, आणि मालवणच्या समुद्राचा विचार करताना तर मुळीच नाही. कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे पाणीही १९८७ पासून अभयारण्य आहे आणि तिथेही प्रवाळ आहेत.

बियाण्याचा प्रश्न सुटला की धंदा कसा उभा राहतो, हे जपानकडे पाहून कळते. जपानी लोक ज्याच्या पातळ काळ्या पोळ्या करून भात गुंडाळतात ते नोरी शेवाळ शतकानुशतके बांबूवर धरले जाई, परंतु उन्हाळ्यात ते नाहीसे होई आणि हिवाळ्यात पुन्हा कोठून येते हे कोणालाच ठाऊक नसे; आले तर आले, न आले तर किनाऱ्यावरच्या घरांत चूल थंड. युद्धानंतर असे लागोपाठ हंगाम बुडाले. त्याच सुमारास इंग्लंडात मँचेस्टरला, लग्न झाले म्हणून विद्यापीठाची पगारी नोकरी गमावलेल्या कॅथलिन ड्रू-बेकर वेल्सच्या किनाऱ्यावरील नोरीच्या चुलतभावंडावर विनावेतन संशोधन करीत होत्या. १९४९ मध्ये त्यांनी सप्रमाण दाखविले की हे शेवाळ उन्हाळ्यात मरत नाही. ते शिंपल्यांच्या कवचात शिरून, गुलाबी सूक्ष्म तंतूंच्या रूपाने तिथे मुक्काम करते. वनस्पतींच्या नोंदवहीत वेगळी जात म्हणून लिहिलेला तो शिंपल्यावरचा गुलाबी डाग हेच नोरीचे बी होते. जपानी शास्त्रज्ञांनी ताबडतोब टाक्यांत शिंपल्या टांगून बियाणे धरायला सुरुवात केली आणि दैवाधीन वेचणीची शेती झाली. ड्रू-बेकर कधी जपानला गेल्या नाहीत आणि १९५७ मध्ये वारल्या. पण कुमामोतो प्रांतात समुद्राकडे तोंड करून त्यांचे स्मारक १९६३ मध्ये कोळ्यांनी उभे केले, आणि तिथे दर १४ एप्रिलला त्यांच्या नावाने उत्सव होतो.

आता आपल्याकडे सरकारने हा विषय मनावर घेतला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या २०,०५० कोटी रुपयांपैकी ६४० कोटी समुद्रशेवाळासाठी राखून ठेवण्यात आले, पाच वर्षांत अकरा लाख टनांच्या वर उत्पादन नेण्याचे लक्ष्य जाहीर झाले, आणि तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात १२७ कोटींच्या वर खर्चाचे शेवाळ उद्यान मंजूर झाले. २०२४ मध्ये परदेशातून जिवंत शेवाळ आणण्याची नियमावलीही निघाली, जिच्यात विलगीकरणाची अट आहे; कुरुसडैचा धडा कोठेतरी गिरवला गेला याचे समाधान वाटते. रक्कम मोठी आहे आणि आकडा त्याहूनही मोठा; परंतु आकडा जाहीर केल्याने बियाणे रुजत नाही, आणि पाण्यावरचा हक्क तर त्याहूनही रुजत नाही.

कोकणाचा विचार येथे सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावर शेवाळ नाही असे नव्हे. हरिहरेश्वर, रत्नागिरी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण येथे हिवाळ्यात उधाणाच्या ओहोटीला कातळ उघडा पडला की हिरवे, तपकिरी, तांबडे गालिचे दिसतात, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उंटावळे आणि धारगळकर प्रभृती संशोधकांनी त्यांची पाहणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. रत्नागिरीच्या बाजूला बचतगटांनी तराफे सोडून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. अडचण आहे ती मृगाची. मंडपमला थोडा पाऊस पडतो तो ईशान्येकडचा. कोकणात मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओततो, नद्या तांबड्या होऊन खाडीतून बाहेर येतात, किनाऱ्याचे पाणी गोडसर आणि गढूळ होते, आणि समुद्र असा उसळतो की शासनालाच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवावी लागते. या चार महिन्यांत बांबूचा तराफा टिकत नाही, आणि टिकला तरी त्यावरचे शेवाळ टिकत नाही. म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळून कार्तिक लागला की लावणी, आणि वैशाख संपता संपता शेवटची काढणी. सात महिन्यांत चार पिके, फार तर पाच.

ही निसर्गाची अडचण झाली. माणसाची अडचण दुसरी आहे, आणि माझ्या मते तीच थोरली. समुद्राच्या पाण्यावर तराफा बांधणाऱ्या बाईचा त्या पाण्याशी संबंध काय? राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय राज्यांच्या सूचीत घातला आहे, म्हणून किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांत राज्याचा हुकूम चालतो. पण ज्याचा सातबारा नाही त्यावर कर्ज नाही, विमा नाही, आणि रात्री दोर कापून नेणाऱ्याविरुद्ध फिर्याद देताना चोरी कोठे झाली हेही सांगता येत नाही. उलट, जिथे ती तराफा बांधील तिथे कालपर्यंत रापण ओढणाऱ्यांची वाट होती, होड्यांचा मार्ग होता, कालवे आणि शिंपल्या वेचणाऱ्यांचा कातळ होता. त्यांचे म्हणणे न ऐकता कोणा धनिकाला शेकडो एकर पाणी मक्त्याने दिले गेले, तर तो उद्योग उभा राहण्याआधीच त्याला शाप लागेल.

हा प्रश्न नवा आहे असे समजून आपण परदेशांतले नमुने शोधतो, आणि आपल्याच महसुली दप्तरातली शहाणी पाने उलटून पाहत नाही, याचे मला दुःख होते. कुर्ला हे नावच कुर्ली या चिखलातल्या खेकड्यावरून पडले असे सांगतात. १८०५ मध्ये शीव आणि कुर्ला यांमधल्या दलदलीवर बांध घालून रस्ता झाला तोवर येथून मुंबई बेटावर जायचे तर पाण्यातूनच जावे लागे, आणि वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंड या बाजूंची मिठागरे तर आमच्या पिढीने लोकलच्या खिडकीतून पाहिलेली आहेत. समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवरची अशी जागा पिकाखाली आणायची कशी, याची कोकणात एक पद्धत होती. खाजणाला बांध घालून भरतीचे पाणी अडविणाऱ्याला सरकार कौल देई. कौल म्हणजे लेखी अभयवचन: पहिली काही वर्षे सारा माफ, नंतर इस्ताव्याने, म्हणजे पायरीपायरीने, चढत जाणारा, आणि ठरल्या मुदतीनंतरच पूर्ण दस्त. बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो शिलोत्रीदार, आणि बांध राखल्याबद्दल शेतकऱ्याकडून ठराविक धान्य घेण्याचा त्याचा हक्क. समुद्राने एखाद्या साली बांध फोडला तर ते साल बुडाले हे सरकारही जाणे. जोखीम कोणाची, लाभ कोणाचा आणि किती वर्षे, हे त्या कागदात स्पष्ट असे, म्हणून माणसे खाऱ्या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या राबली.

तसाच कौल आज पाण्यावर दिला पाहिजे. तो व्यक्तीला न देता गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला किंवा बायकांच्या गटाला द्यावा. त्याची हद्द तरंगत्या पिंपांनी आखून गावसभेत वाचून दाखवावी. होड्यांची वाट आणि रापणीची जागा आधी वगळावी. पहिली तीन-चार वर्षे भाडे माफ असावे, आणि तो कागद बँकेने तारण म्हणून स्वीकारावा. एवढे झाले तर गाबीत, खारवी, दालदी, कोळी या समाजांतल्या ज्या हातांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पंचांग न पाहता ठाऊक आहे, त्यांना कोणी येऊन समुद्र शिकविण्याची गरज पडणार नाही.

हक्काचा कागद नसला म्हणजे काय होते, हे पांबन बेटावरच्या बायकांनी भोगले आहे. तराफ्यांच्या कितीतरी आधीपासून त्या मन्नारच्या बेटांवर जाऊन, बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, खडकांवरचे नैसर्गिक शेवाळ खुडत आल्या होत्या. राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांची पिढीजात वेचणी एका रात्रीत गुन्हा ठरली. त्यांनी संघटना बांधली. महिन्यातले किती दिवस वेचायचे, वाढीच्या काळात कधी थांबायचे, खडक खरवडायचा नाही, हे नियम स्वतःच ठरविले आणि ते पाळलेही. त्यांच्या पुढारी, चिन्नपालम गावच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये अमेरिकेतील सीकॉलॉजी संस्थेचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे चोर म्हणून बोट दाखविले गेले त्याच त्या समुद्राच्या पहारेकरी निघाल्या.

आणि बियाणे. कोकणात ते चार महिने जगवायचे कोठे, याचे उत्तर मिळाल्याखेरीज कौलही कागदावरच राहील. दर कार्तिकात मंडपमहून बर्फाच्या पेटीतून तुकडे मागवायचे तर पहिल्या पिकाचा नफा रेल्वेभाड्यातच जातो, आणि वाटेत अर्धा माल पांढरा पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा आपल्याच कातळावर उगवणारी ग्रॅसिलारिया आणि हिप्निया ही तांबडी शेवाळे हाताशी धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ती या पाण्याची आहेत, तांबडा पूर त्यांनी हजारो वर्षे पाहिला आहे, आणि दर पावसानंतर ती आपली आपण परत येतात. ती कोणत्या रूपाने आणि कोणत्या कपारीत पावसाळा काढतात, हे कोणीतरी आषाढातल्या ओहोटीला छत्री बाजूला ठेवून, निसरड्या खडकावर ओणवे होऊन पाहायला हवे. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, मत्स्यमहाविद्यालय आहे, आणि किनाऱ्यावर छपराखाली खाऱ्या पाण्याच्या टाक्या बांधणे अशक्य नाही. वैशाखाच्या अखेरीस शेवटचा तराफा ओढून आणल्यावर बाजूला काढलेले ते साठ किलो बियाणे घेऊन बाईने जायचे कोणाच्या दारी, एवढे आधी ठरायला हवे. तराफा उलटा करून माडांच्या आळ्याशी ठेवता येतो, दोऱ्या धुऊन वळचणीला टांगता येतात. ती ओली पाटी मात्र डोक्यावर घेऊन ती चार महिने उभी राहू शकत नाही.